२५ अंशांची ठिणगी: हलक्या विमानाच्या इंजिनाचं टायमिंग आणि इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल

मिनिटाला २७०० फेऱ्या घेणाऱ्या इंजिनाची एक फेरी साधारण २२ मिलिसेकंदांत उरकते. पेट्रोल-हवेच्या मिश्रणाला मात्र जळायला वेळ लागतो. ठिणगी पडली की ज्योत प्लगपासून सिलिंडरभर पसरत जाते आणि दाब हळूहळू चढतो. हा दाब पिस्टन वरच्या टोकावरून १५ अंशांच्या आसपास खाली उतरलेला असताना शिगेला पोहोचला, तर क्रँकशाफ्टला सगळ्यात चांगला रेटा मिळतो. त्यासाठी ठिणगी पिस्टन वर पोहोचण्याच्या आधीच टाकावी लागते. लायकमिंग या कंपनीच्या बऱ्याच चार सिलिंडरच्या इंजिनांवर हा आकडा २५ अंश आहे, म्हणजे २७०० फेऱ्यांना सुमारे दीड मिलिसेकंद आधी. इग्निशन बदलण्याचा, म्हणजे ठिणगी देणारा जुना मॅग्नेटो काढून इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवण्याचा, सगळा खटाटोप या दीड मिलिसेकंदाभोवती फिरतो.

ठिणगी गरजेपेक्षा लवकर पडली (मेकॅनिक याला ॲडव्हान्स म्हणतात) तर पिस्टन वर येत असतानाच दाब चढतो. सिलिंडर हेड तापतं, आणि मिश्रणाचा उरलेला भाग ज्योत पोहोचण्याआधी एकदम फुटण्याची, म्हणजे डेटोनेशनची शक्यता वाढते. उशिरा पडली, म्हणजे रिटार्ड झाली, तर पिस्टन खाली निघून गेल्यावर दाब येतो. ताकद घटते आणि न वापरलेली उष्णता एक्झॉस्टमधून बाहेर जाते. उशिरा पडलेली ठिणगी पेट्रोल वाया घालवते, फार लवकर पडलेली ठिणगी सिलिंडर खाते.

मॅग्नेटो काय करतो

महाराष्ट्रातल्या उड्डाण प्रशिक्षण संस्थांत दिसणाऱ्या सेसना १७२ सारख्या विमानात प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असतात आणि त्यांना ठिणगी देणारे दोन स्वतंत्र मॅग्नेटो. मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही. आत फिरणारं चुंबक, कॉइल, पॉइंट (हे स्पर्शक उघडले की ठिणगी पडते), कंडेन्सर आणि वितरक, एवढाच संसार. विमानाची सगळी वीज गेली तरी इंजिन चालू राहतं, ते यामुळे. मॅग्नेटो बंद करायचा म्हणजे त्याच्या पी-लीड नावाच्या तारेला स्विचमधून बॉडीशी जोडायचं. ही तार तुटली तर किल्ली 'ऑफ'वर असूनही मॅग्नेटो जिवंत राहतो आणि हाताने पंखा (प्रोपेलर) फिरवणाऱ्याचा हात जाऊ शकतो. पुढची सगळी कामं करताना पंखा नेहमी जिवंतच आहे असं धरून चालायचं.

सुरू करताना अडचण वेगळी असते. स्टार्टर इंजिनाला मिनिटाला शंभर-दीडशे फेऱ्याच देतो. एवढ्या कमी वेगात चुंबकाची ठिणगी दुबळी पडते, आणि २५ अंश आधी पडलेल्या ठिणगीला पिस्टन वर येईपर्यंत तीस-पस्तीस मिलिसेकंद मिळतात. मिश्रण तोवर जळून जातं आणि पिस्टनला उलटा ढकलतं. जुनी बुलेट चुकीच्या टायमिंगवर किक उलटी मारते, हाच तो प्रकार. फरक इतकाच, की इथे पायाऐवजी स्टार्टर आणि रिंग गिअर मोडतात. म्हणून एका मॅग्नेटोला, बहुधा डाव्या, इम्पल्स कपलिंग असतं. आतली स्प्रिंग चुंबकाला अडवून धरते, पिस्टन वरच्या टोकाजवळ आला की 'टक्' आवाज करत सोडते. ठिणगी जोरदार पडते आणि उशिराही पडते. हाताने पंखा फिरवताना ऐकू येणारी टकटक हीच.

मॅग्नेटोचं टायमिंग आपोआप सरकतही असतं, आणि दोन दिशांनी. पॉइंट उघडणारा कॅम फॉलोअर झिजला की पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग मागे जातं. पॉइंटचे टोक जळून गॅप वाढली की ते लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे येतं. त्यामुळे इंजिनावरचं टायमिंग बाहेरून बरोबर करून भागत नाही. मॅग्नेटोच्या आतले पॉइंटही त्याच्या चुंबकाशी जुळलेले लागतात, नाहीतर वेळ बरोबर आणि ठिणगी मरतुकडी अशी गत होते. ५०० तासांनी मॅग्नेटो उघडून तपासायला सांगतात, ते याचसाठी. स्लिक मॅग्नेटोत पॉइंटची गॅप ०.०१० इंचाच्या आसपास ठेवतात. ०.००८ ते ०.०१२ इंच ही तिची हद्द.

मग मॉड्यूल कशाला?

जाहिरातीत 'अधिक जोरदार ठिणगी' हे शब्द मोठे छापलेले असतात. थंड इंजिन सुरू करताना, आयडलवर आणि मिश्रण फार पातळ (पेट्रोल कमी) केल्यावर त्या जोराचा उपयोग होतो, हे खरं. पण नीट चाललेल्या इंजिनात, नेहमीच्या मिश्रणावर, मॅग्नेटोची ठिणगी पुरेशी असते. एकदा पेटलेलं मिश्रण ठिणगी किती जाड होती याची फिकीर करत नाही. खरा फायदा बदलत्या टायमिंगचा आहे.

२५ अंश हा आकडा समुद्रसपाटीवर पूर्ण थ्रॉटलला सुरक्षित असावा म्हणून ठरवलेला आहे. ८००० फुटांवर, म्हणजे कळसूबाईच्या शिखराच्या जवळजवळ दीडपट उंचीवर, हवेचा दाब २९.९ वरून सुमारे २२ इंच पाऱ्यावर उतरतो. सिलिंडरमध्ये मिश्रण विरळ भरतं आणि विरळ मिश्रण सावकाश जळतं. पातळ केलेलं मिश्रण आणखी सावकाश. तिथे ठिणगी ३० किंवा ३५ अंश आधी हवी, आणि मॅग्नेटो मात्र ठाम २५ वर बसलेला. इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल मॅनिफोल्डचा (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळीतला) दाब आणि फेऱ्या मोजून टायमिंग पुढे-मागे करतं. उंचावर, थ्रॉटल पूर्ण उघडून, पातळ मिश्रणावर लांबचा प्रवास करणाऱ्याला यातून पेट्रोल वाचतं. धावपट्टीभोवती सर्किट फिरणाऱ्या प्रशिक्षण विमानाला बराच वेळ जास्त दाबावर काम असतं, तिथे मॉड्यूल २५ च्या आसपासच राहतं आणि फायदा बहुतेक सुरू होण्याच्या सोयीपुरता उरतो. खरेदीआधी ताळा करायचा तो इथे.

बाजारात दिसणारी घडण मोटामोटी तीन प्रकारची. श्युअरफ्लायचं मॉड्यूल मॅग्नेटोच्या जागी बसतं आणि बॅटरीवर चालतं. पी-मॅग तसंच बसतं, पण त्याच्या पोटात छोटा अल्टरनेटर आहे. आयडलच्या वरच्या फेऱ्यांना ते स्वतःची वीज स्वतः करतं, सुरू करायला तेवढी बॅटरी लागते. इलेक्ट्रोएअर आणि लाइटस्पीड यांच्या पद्धतीत नियंत्रक पेटी आणि कॉइल वेगळ्या असतात, आणि क्रँकची जागा कळण्यासाठी सेन्सर पंख्याच्या मागे किंवा मॅग्नेटोच्या भोकात बसवतात. डाव्या-उजव्या दोन्ही मॅग्नेटोंना एकच आवरण आणि एकच ड्राइव्ह असलेली बेंडिक्स डी-३००० सारखी जोडी असेल, तर एक काढून मॉड्यूल घालणं शक्यच नसतं.

रोटॅक्स ९१२ हे हलक्या विमानांचं इंजिन म्हणजे वेगळा पंथ. त्यात कारखान्यातूनच दोन इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल येतात. सुरू होताना टायमिंग मागे ठेवून नंतर पुढे नेण्याचं काम तीच करतात, आणि मॅग्नेटोसारखं फिरवून जुळवण्याची सोय नाही. तिथे किक-बॅकचं, म्हणजे उलट्या झटक्याचं, सर्वांत साधं कारण म्हणजे दमलेली बॅटरी. ठिणगीसाठी क्रँक मिनिटाला निदान २२० फेऱ्या घेत असायला हवा.

टायमिंग जुळवण्याची रीत

पहिलं काम पाटी वाचण्याचं. आपल्या इंजिनाचा आकडा डेटा प्लेटवर कोरलेला असतो. मित्राच्या विमानावर २५ आहे म्हणून आपल्यावर २५ नसतो. २०० अश्वशक्तीच्या काही आयओ-३६० इंजिनांना लायकमिंगने नंतर २० अंशांची मुभा दिली, आणि बदल केला तर पाटीवर तसा शिक्का मारायला सांगितलं. दहाच्या आसपास कॉम्प्रेशन असलेले पिस्टन घातले असतील, तर कारखान्याचा आकडा ग्राह्य धरता येत नाही.

मग प्रत्येक सिलिंडरचा एक प्लग काढायचा. पंखा हलका फिरतो आणि चुकून ठिणगी पडली तरी इंजिन उडी मारत नाही. एक नंबर सिलिंडरच्या भोकावर अंगठा ठेवून पंखा नेहमीच्या दिशेने फिरवायचा. अंगठा बाहेर ढकलला गेला, की हा कॉम्प्रेशनचा फेरा. चार स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टन एका चक्रात दोनदा वर येतो, त्यामुळे अंगठ्याची ही साक्ष टाळून नुसत्या खुणेवर भरवसा ठेवला तर टायमिंग एक पूर्ण फेरी चुकू शकतं.

लायकमिंगच्या रिंग गिअरवर पुढच्या बाजूला खुणा असतात. त्या स्टार्टरच्या हाउसिंगवर, समोरून पाहताना घड्याळातल्या दोनच्या जागी असलेल्या बारीक भोकाशी जुळवतात. मागच्या बाजूच्या खुणा क्रँककेसच्या वरच्या सांध्याशी. कोणती खूण कशाशी, याची गल्लत सगळ्यात जास्त होते. रिंग गिअर आधी कधी काढून चुकीचा बसवला असल्याचा संशय असेल, तर प्लगच्या भोकात पिस्टन-स्टॉप घालून पंखा दोन्ही बाजूंनी अगदी अलगद टेकवायचा. अंशाच्या चकतीवर दोन्ही आकड्यांचा मध्य काढला की खरं वरचं टोक मिळतं.

मॅग्नेटोसाठी पंखा २५ च्या दहा-एक अंश आधी मागे न्यायचा आणि मग पुढे आणत २५ वर थांबायचं. गिअरच्या दातांतली ढिलाई एकाच बाजूला राहावी म्हणून ही खबरदारी, खूण ओलांडली तर पुन्हा मागे जाऊन यायचं. इम्पल्स कपलिंगवाल्या मॅग्नेटोला आधी 'टक्' होईपर्यंत पुढे न्यावं लागतं, मग कपलिंग पुन्हा अडकणार नाही इतकंच मागे. टायमिंग लाइटची एक तार पी-लीडच्या स्क्रूला, दुसरी बॉडीला. यावेळी पी-लीड बॉडीला जोडलेली असता कामा नये, म्हणून किल्ली 'बोथ'वर (दोन्ही मॅग्नेटो चालू) ठेवतात किंवा पी-लीड काढून ठेवतात. नाहीतर दिवा काहीही खरं सांगत नाही. पॉइंट उघडताच दिवा किंवा सूर बदलतो. तो नेमका खुणेवर बदलेपर्यंत मॅग्नेटोची बॉडी भोकाच्या खाचेत थोडी फिरवायची. बॉडी आतल्या रोटरच्या दिशेने फिरवली तर टायमिंग मागे जातं, उलट फिरवली तर पुढे. चार सिलिंडरच्या लायकमिंगवर मॅग्नेटो क्रँकच्या वेगानेच फिरतो, म्हणजे बॉडीचा एक अंश तो इंजिनाचाही एक अंश. सहा सिलिंडरला मॅग्नेटो दीडपट वेगात फिरत असल्याने हे गणित तिथे चालत नाही.

नट एक आड एक थोडे थोडे आवळायचे, आणि मॅन्युअलमधला टॉर्क दिल्यावर पुन्हा एकदा दिवा पाहायचा. आवळताना मॅग्नेटो हलतो. दुसऱ्यांदा न पाहिलेलं टायमिंग म्हणजे न जुळवलेलंच टायमिंग. शेवटी दोन्ही मॅग्नेटोंचे पॉइंट एकाच क्षणी उघडतात का ते पाहायचं. एक दहा अंश पुढे असला तर दुसऱ्या प्लगची ज्योत पोहोचेपर्यंत बरंच मिश्रण जळून गेलेलं असतं आणि इंजिन जवळपास एका मॅग्नेटोवर चालल्यासारखं होतं.

इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल यापेक्षा सोपं वाटतं आणि तिथेच लोक फसतात. बरीच मॉड्यूल २५ अंशांवर जुळवत नाहीत. क्रँक नेमका वरच्या टोकावर ठेवून 'हे शून्य' असं मॉड्यूलला सांगतात, पुढचे अंश ते आतल्या हिशेबाने धरतं. सवयीने इंजिन २५ वर थांबवून मॉड्यूलला शून्य सांगितलं, तर प्रत्येक ठिणगी २५ अंश जास्त लवकर पडणार. पहिल्याच स्टार्टला ते किक-बॅकने कळतं आणि कळलं तर नशीब. पी-मॅगला हे शून्य सांगण्याची रीत गमतीची आहे: मॅनिफोल्ड दाबाच्या नळीत तोंडाने फुंकर मारायची, दिवा बदलतो, जागा नोंदली जाते. त्याच यंत्रात एक जंपर (दोन टोकं जोडणारी छोटी तार) टायमिंगच्या वक्राची, म्हणजे ठिणगी किती पुढे न्यायची याची, निवड ठरवतो. जंपर घातलेला वक्र सौम्य, न घातलेला आक्रमक. उंच कॉम्प्रेशनच्या इंजिनावर जंपर विसरणं महाग पडतं.

जोडीच्या दोन सिलिंडरांना एकाच वेळी ठिणगी देणाऱ्या यंत्रणेत (पी-मॅग आणि लाइटस्पीड यातल्याच) एका पिस्टनच्या कॉम्प्रेशनला आणि जोडीदाराच्या एक्झॉस्टला ठिणगी पडते, दुसरी वाया जाते. लायकमिंगमध्ये १-२ आणि ३-४ या जोड्या. क्रम १-३-२-४. फेरी चुकली तरी इथे चालतं, मात्र जोड्या चुकल्या तर इंजिन एक आचका देऊन थांबतं.

या यंत्रणा बहुधा मोटारीचे १४ मिलिमीटरचे प्लग वापरतात, १८ मिलिमीटरच्या भोकात जोडणी घालून. विमानाच्या जाड टोकाच्या प्लगची गॅप ०.०१६ ते ०.०२१ इंच असते, मोटारीच्या प्लगची तीसेक हजारांश इंच. मॅग्नेटोच्या बाजूच्या प्लगवर मोठी गॅप ठेवून ठिणगी जोरदार होत नाही, मॅग्नेटोची कॉइल मात्र जळते.

वायरिंगमधले सापळे

किल्लीच्या स्विचमागे एक छोटी पट्टी असते. 'स्टार्ट'वर ती उजव्या मॅग्नेटोला मारून ठेवते, म्हणजे फक्त इम्पल्सवाला डावा काम करतो. आता डावा काढून मॉड्यूल लावलं तर पट्टी राहायलाच हवी, कारण उजव्याला इम्पल्स नाही. उजवा काढून मॉड्यूल लावलं तर पट्टी काढावी लागते, नाहीतर सुरू करताना मॉड्यूलच मुकं राहतं. तिसरी, वाईट शक्यता अशी: इम्पल्सवाला मॅग्नेटो काढून टाकला आणि इम्पल्स नसलेला स्टार्टला जिवंत राहिला. तो २५ अंशांवर ठिणगी टाकणार, आणि स्टार्टरचा बकरा होणार.

वीज बॅटरीच्या टोकावरून, स्वतःच्या फ्यूज किंवा ब्रेकरमधून न्यायची, विमानाची सगळी वीज तोडणाऱ्या मास्टर स्विचमधून नाही. धूर दिसल्यावर वैमानिक मास्टर बंद करतो, त्या क्षणी इग्निशन जायला नको. अर्थिंगही इंजिनाच्या बॉडीला थेट. क्रँकिंगच्या वेळी बॅटरीचा व्होल्टेज फार खाली गेला तर मॉड्यूल रिसेट होतं आणि ठिणगी भलत्या वेळी पडू शकते. दोन्ही बाजूंना बॅटरीवरची मॉड्यूल असतील, तर वेगळी राखीव बॅटरी हवीच.

दाबाची नळी साधी दिसते, तिच्यावर मात्र इंजिनाचं आयुष्य टांगलेलं असतं. ती निसटली तर मॉड्यूलला बाहेरच्या हवेचा, म्हणजे जास्त, दाब दिसतो आणि टायमिंग मागे राहतं. नुकसान थोडं, धोका नाही. पण नळी तेलाने किंवा पिळ्याने तुंबली आणि आत कमी दाब अडकला, तर थ्रॉटल पूर्ण उघडूनही मॉड्यूल क्रूझचे ३५ अंश धरून बसतं. चढाईत डेटोनेशनला ही खुली निमंत्रणपत्रिका. नळी छोटी, सरळ आणि उष्णतेपासून दूर ठेवायची, आणि वर्षाला एकदा फुंकून पाहायची.

पी-लीडवर चालणारा इलेक्ट्रॉनिक टॅकोमीटर (फेऱ्या दाखवणारा) असेल, तर मॉड्यूल लावल्यावर तो बंद पडतो किंवा वाट्टेल ते दाखवतो. त्याची तार मॉड्यूलच्या टॅको आउटपुटला द्यावी लागते.

नोंदणीकृत, प्रमाणित विमानावर हे सगळं पूरक प्रकार प्रमाणपत्राच्या, म्हणजे एसटीसीच्या यादीत आपलं इंजिन आणि विमान असेल तरच. कित्येक एसटीसी एकच मॅग्नेटो बदलू देतात, आणि काही इंजिनांवर मॉड्यूल लावता आलं तरी बदलतं टायमिंग बंद ठेवायला सांगतात. भारतात डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) मान्यता आणि परवानाधारक अभियंत्याची सही याशिवाय मॅग्नेटोचा एक नटही हलत नाही.

सुरू केल्यावर काय पाहायचं

रन-अपमध्ये, म्हणजे उड्डाणाआधीच्या इंजिन तपासणीत, सेसना १७२ एस ला १८०० फेऱ्यांवर एक बाजू बंद केल्यावर १५० फेऱ्यांपर्यंत घट चालते, दोन बाजूंतला फरक ५० पर्यंत. मॉड्यूल लावल्यावर नुसत्या मॉड्यूलवर घट फार कमी दिसते आणि नुसत्या मॅग्नेटोवर आधीइतकीच. फरक वाढलेला दिसला म्हणून घाबरायचं नाही, मॉड्यूलच्या पुस्तकातला आकडा धरायचा. अजिबात घट नाही हे मात्र कधीच शुभ नसतं: पी-लीड तुटली असेल किंवा टायमिंग फार पुढे असेल. पी-मॅग असेल तर सुमारे १७०० फेऱ्यांवर त्याची बाहेरची वीज तोडून ते स्वतःवर चालतं का, हेही तपासायचं.

एका बाजूवर चालताना प्रत्येक सिलिंडरचं एक्झॉस्ट तापमान चढतं, कारण ज्योत एकाच टोकाकडून जळत जाते. सगळे चढले आणि एकच पडला, तर त्या सिलिंडरचा त्या बाजूचा प्लग किंवा तार मेली. उड्डाणात टायमिंगचा रोग ओळखायची खूणही हीच जोडी देते. एक्झॉस्ट तापमान नेहमीपेक्षा कमी आणि सिलिंडर हेड जास्त तापलेलं असेल, तर टायमिंग पुढे गेलंय. एक्झॉस्ट जास्त, हेड थंड आणि ताकद कमी, तर मागे. लायकमिंगची हेडची लाल रेषा ५०० अंश फॅरनहाइट, म्हणजे २६० सेल्सिअस. इंजिन टिकवायचं असणारे ४०० फॅरनहाइटच्या आत राहतात.

पहिल्या उड्डाणाआधी त्याच विमानाचे जुन्या मॅग्नेटोवरचे आकडे लिहून ठेवलेले हवेत: एकाच उंचीवर, एकाच मॅनिफोल्ड दाबावर, एकाच मिश्रणावर, चारही हेड, चारही एक्झॉस्ट. नवीन मॉड्यूलवर पहिली चढाई पूर्ण थ्रॉटल आणि समृद्ध (पेट्रोल जास्त) मिश्रणावर, धावपट्टी ग्लाइडच्या टप्प्यात ठेवून. हेड जुन्या आकड्यांपेक्षा वीसेक अंशांनी वर चढू लागलं तर थ्रॉटल कमी करून, नाक खाली घेऊन परत यायचं, आणि सगळ्यात आधी दाबाची नळी व शून्याची जागा तपासायची.